डॅशबोर्डवरची ती पट्टी: लाइटस्पीड कॅशे प्लगिनचं प्रकरण

वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर, म्हणजे साइट सांभाळणाऱ्याच्या आतल्या पानावर, लॉगिन केलं की सगळ्यात वर सूचनांच्या पट्ट्या दिसतात. नवी आवृत्ती आली आहे, सेटिंग्ज सेव्ह झाल्या, आम्हाला पाच तारे द्या, अमुक सेवा जोडता आली नाही. रोज साइट सांभाळणारा माणूस त्या वाचत बसत नाही. उजवीकडची फुली दाबतो आणि कामाला लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये असं आढळलं की लाइटस्पीड कॅशे या प्लगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या तयार सॉफ्टवेअरच्या, अशाच एका पट्टीत जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला, लॉगिन न करता, एकच विनंती पाठवून हवं ते लिहिता येत होतं. नुसता मजकूर लिहिता आला असता तर फार तर कोणी खोडसाळपणा केला असता. इथे ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्ट कोड लिहिता येत होता, आणि फुली दाबण्याआधीच, पट्टी दिसताक्षणी तो चालत होता.

या त्रुटीचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२३-४००००. तीव्रता १० पैकी ८.३. प्रकार क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, म्हणजे बाहेरच्याचा कोड आपल्या पानात घुसणं, त्यातला 'साठवलेला'. प्लगिनच्या सुरक्षेबद्दल बोलताना मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा काढते, कारण ते नीट समजलं की बाकीची बरीच आपोआप समजतात. शिवाय आपल्याकडच्या लहान साइट्सचा याच्याशी थेट संबंध येतो.

संबंध असा. वर्डप्रेसची साइट कोणी उघडली की दरवेळी सर्व्हरवर पीएचपी या भाषेतला कोड चालतो, डेटाबेसला विचारणा होते, तुकडे जुळवून पान तयार होतं. शंभर जणांनी एकच बातमी उघडली तर तेच पान शंभर वेळा शिजतं. कॅशे प्लगिन हे तयार पान बाजूला काढून ठेवतं आणि पुढच्या माणसाला तेच वाढतं. लाइटस्पीड कॅशे हे या कामातलं अतिशय लोकप्रिय, आणि खरोखर चांगलं, प्लगिन आहे. २०२४ च्या मध्यावर ते ५० लाखांहून अधिक साइट्सवर चालू होतं. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग विकणाऱ्या अनेक कंपन्या लाइटस्पीडचाच वेब सर्व्हर वापरतात आणि त्यासोबत हे प्लगिन सुचवतात, काही ठिकाणी तर वर्डप्रेस बसवतानाच ते आपसूक बसतं. त्यामुळे तालुक्याचं बातम्यांचं पोर्टल, शाळेची साइट, परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचं कार्यक्रमांचं पान, अशा ठिकाणी ते असतं आणि ते आहे हे मालकाला ठाऊकही नसतं. मी बाहेरून तपासलेल्या साइट्सच्या मालकांना 'तुमच्याकडे कॅशेचं प्लगिन कोणतं?' असं विचारलं की बहुतेक वेळा 'ते होस्टिंगवाल्यांचं असेल' हेच उत्तर येतं.

दार आणि फलक

त्रुटी शोधली पॅचस्टॅक या एस्टोनियातल्या सुरक्षा कंपनीतले संशोधक रफी मुहम्मद यांनी. त्यांनी जे दाखवलं त्यात दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींना येऊन मिळाल्या होत्या. एकटी कुठलीही एक असती तर एवढं घडलं नसतं.

लाइटस्पीडची क्विक डॉट क्लाउड नावाची सीडीएन सेवा आहे, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून वाचकाला जवळून देणारी. साइटच्या मालकाने ती जोडायला घेतली की जोडणीचं काम त्या सेवेच्या सर्व्हरवर चालतं आणि त्याला थोडा वेळ लागतो. काम झालं किंवा फसलं की सेवेचा सर्व्हर आपल्या साइटला उलट निरोप धाडतो: झालं, किंवा नाही झालं, आणि का नाही झालं. हा निरोप घ्यायला प्लगिनने साइटवर एक दार ठेवलं होतं. तांत्रिक भाषेत त्याला रेस्ट एपीआयचं एंडपॉइंट म्हणतात. निरोप आला की 'अपडेट_सीडीएन_स्टेटस' नावाचं फंक्शन तो वाचायचं, आणि निरोपात चुकीचा संदेश असेल तर तो डॅशबोर्डच्या पट्टीत मांडायचं.

पहिली चूक दाराशी झाली. निरोप आणणारा खरंच क्विक डॉट क्लाउडचा सर्व्हर आहे की दुसराच कोणी, याची धड तपासणी नव्हती. दाराला कडी नव्हती. कोणीही 'मी क्लाउडकडून आलोय' असं म्हणावं आणि आत शिरावं.

दुसरी चूक फलकाशी, म्हणजे त्या पट्टीशी. आलेला संदेश जसाच्या तसा पट्टीच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझर ज्यावरून पान मांडतो त्या कोडमध्ये, चिकटवला जात होता. त्यातली कोनी कंसाची चिन्हं निष्प्रभ केली जात नव्हती. म्हणजे निरोपात 'स्क्रिप्ट' हा टॅग असेल तर ब्राउझरला तो शब्द म्हणून दिसायचा नाही, आज्ञा म्हणून दिसायचा. आणि हा निरोप डेटाबेसमधल्या ऑप्शन्सच्या टेबलात 'लाइटस्पीड डॉट अ‍ॅडमिन_डिस्प्ले डॉट मेसेजेस' या नावाच्या ओळीत साठवला जायचा. साठवला गेला म्हणजे हल्लेखोराने एकदा येऊन जायचं, आणि निरोप तिथे वाट बघत बसायचा. सूचनेची पट्टी प्रशासन विभागाच्या कुठल्याही पानावर दिसू शकते, त्यामुळे अ‍ॅडमिनला कुठल्या ठरावीक लिंकवर आणायची गरजच उरली नव्हती. तो सकाळी नवी बातमी टाकायला आला तरी पुरे.

ग्रामपंचायतीचा सूचना फलक डोळ्यांसमोर आणा. त्याला काचेचं कुलूपबंद दार असतं, आत लागणाऱ्या कागदावर ग्रामसेवकाची सही आणि शिक्का असतो. दार उघडं राहिलं आणि शिक्का बघायची पद्धतही बंद पडली, तर कोणीही रात्रीतून कागद लावून जाईल आणि सकाळी गाव तो सरकारी समजून वाचेल. ब्राउझरची अवस्था गावकऱ्यांपेक्षा बिकट असते. गावकरी निदान शंका घेतात. ब्राउझरला हस्ताक्षर ओळखता येत नाही. आपल्या साइटच्या पत्त्यावरून पान आलं, की त्या पानातला प्रत्येक कोड त्याच्या लेखी आपल्या साइटचाच.

क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग हे नाव यामुळेच थोडं फसवं आहे. ऐकून वाटतं की एका साइटवरून दुसऱ्या साइटवर काहीतरी उडी मारून जातं. ते नाव सुरुवातीच्या काळातल्या हल्ल्यांवरून पडलं आणि २००० सालापासून रूढ आहे. मुळातला दोष मात्र एवढाच: बाहेरून आलेला मजकूर आपल्या पानात आपल्याच लेखणीने लिहिला जातो.

अ‍ॅडमिनच्या ब्राउझरमध्ये पुढे काय होतं

'फार तर एक खिडकी उघडून हॅलो म्हणेल' असा या प्रकाराबद्दल सर्रास समज आहे, कारण प्रात्यक्षिकांमध्ये तेवढंच दाखवतात. म्हणून इथे जरा थांबते.

समजा अ‍ॅडमिन लॉगिन करून आत आलेला आहे. वर्डप्रेसने त्याच्या ब्राउझरमध्ये ओळख पटवणारी कुकी, म्हणजे ओळखपत्रासारखी छोटी नोंद, ठेवलेली आहे. ती जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये अशी खूण, एचटीटीपी-ओन्ली, वर्डप्रेस तिच्यावर लावतं. त्यामुळे पट्टीत शिरलेल्या स्क्रिप्टला कुकी चोरून बाहेर पाठवता येत नाही. इथवर संरक्षण चोख आहे.

पण चोरायची गरजच काय? स्क्रिप्ट त्याच ब्राउझरमध्ये, त्याच साइटच्या नावाने चालते आहे. ती पडद्याआड 'नवा वापरकर्ता जोडा' हे पान मागवते. ब्राउझर इमानेइतबारे कुकी जोडून विनंती पाठवतो, सर्व्हरला वाटतं अ‍ॅडमिननेच पान उघडलं, तो पान देतो. त्या पानावरच्या फॉर्ममध्ये नॉन्स नावाचा एक छुपा संकेत, अक्षरं आणि अंकांची ओळ, असतो. दुसऱ्या साइटवरून कोणी खोटा फॉर्म पाठवू नये म्हणून वर्डप्रेसने ठेवलेला हा पहारा. दुसऱ्या साइटला हा संकेत वाचता येत नाही, आणि तिथे तो पहारा खरोखर कामाचा आहे. इथे मात्र वाचणारा आतलाच आहे. स्क्रिप्ट आलेल्या पानातून तो संकेत उचलते, फॉर्म भरते: नाव, ईमेल, पासवर्ड, भूमिका 'प्रशासक'. आणि पाठवते. सगळं मिळून दोन विनंत्या, एखाद सेकंदाचं काम. पडद्यावर काहीच हलत नाही. अ‍ॅडमिन तोवर बातमीचा मथळा टाइप करत असतो.

नवं प्रशासक खातं म्हणजे साइटच्या सगळ्या किल्ल्या. प्रशासकाला प्लगिन अपलोड करता येतं, प्लगिन म्हणजे पीएचपी, आणि पीएचपी सर्व्हरवर चालतं. ब्राउझरमध्ये सुरू झालेली गोष्ट अशी दोन पावलांत सर्व्हरवर पोहोचते. 'ही तर फक्त स्क्रिप्टिंगची त्रुटी आहे' असं कोणी म्हणालं की मला हे दोन टप्पे कागदावर काढून दाखवावेसे वाटतात, आणि मी दाखवतेही.

यात एक बारकावा बघण्यासारखा आहे. वर सांगितलेल्या नेहमीच्या फॉर्मच्या वाटेने खातं तयार झालं तर वर्डप्रेस साइटच्या प्रशासकीय ईमेलवर 'नवीन वापरकर्ता नोंदला गेला' असा मेल पाठवतं. ही फुकटची धोक्याची घंटा आहे. पण लहान साइट्सवर तो ईमेल पत्ता कोणाचा असतो? साइट बनवून देणाऱ्या मुलाचा. तो आता पुण्यात नोकरीला लागलेला असतो. किंवा होस्टिंगवरून जाणारा मेल नीट लावलेलाच नसतो आणि तो स्पॅममध्ये पडतो. घंटा वाजते, ऐकायला कोणी नसतं.

तारखा

१७ ऑक्टोबर २०२३ ला त्रुटी कंपनीला कळवली गेली. २५ ऑक्टोबरला ५.७.०.१ ही दुरुस्त आवृत्ती आली. आठ दिवस. एवढ्या मोठ्या प्लगिनसाठी हा वेग उत्तम आहे आणि तसं मोकळेपणाने म्हणायला हवं. दुरुस्तीही दोन्ही जागी केली गेली: संदेश पट्टीत जाण्याआधी ईएससी_एचटीएमएल या फंक्शनमधून काढला, आणि दाराशी हॅशची, म्हणजे निरोपासोबत येणाऱ्या ओळखीच्या खुणेची, पडताळणी बसवली.

त्यानंतर पॅचस्टॅक चार महिने गप्प राहिलं. त्रुटीचा तपशील त्यांनी २७ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर केला.

पुढचा अध्याय वर्डप्रेसच्या सुरक्षा त्रुटींची नोंद ठेवणाऱ्या डब्ल्यूपीस्कॅनने लिहिला. एप्रिल २०२४ मध्ये त्यांना या त्रुटीचा माग काढत फिरणाऱ्या विनंत्यांचे दोन मोठे लोंढे दिसले, एक २ एप्रिलला आणि दुसरा २७ एप्रिलला. एकाच आयपी पत्त्यावरून १२ लाखांहून अधिक विनंत्या आलेल्या होत्या. ज्या साइट्स सापडल्या तिथे दोन ठरावीक नावांची प्रशासक खाती उगवत होती: 'डब्ल्यूपीसप-यूजर' आणि 'डब्ल्यूपी-कॉन्फिगयूजर'. नावं विचार करून निवडलेली आहेत. पहिलं वाचून वाटतं सपोर्टवाल्यांचं खातं असेल, दुसरं वाचून वाटतं कॉन्फिगरेशनसाठी प्रणालीनेच बनवलं असेल. 'हॅकर' असं नाव दिसलं असतं तर कोणीही उडवलं असतं. ही दोन नावं बघून मालक म्हणतो, राहू दे, काढलं आणि काही बंद पडलं तर?

म्हणजे दुरुस्ती हाती आल्यापासून मोठ्या हल्ल्यापर्यंत पाच महिने होते. हा आकडा मला सगळ्यात जास्त लागतो. याच्याशी २०२३ च्या मे महिन्यातलं अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगिनचं प्रकरण ताडून बघा. तिथली त्रुटीसुद्धा पॅचस्टॅकच्या रफी मुहम्मद यांनीच शोधली होती. ती 'परावर्तित' प्रकारातली होती, म्हणजे अ‍ॅडमिनने फसव्या लिंकवर क्लिक केलं तरच चालणारी. २ मे ला सापडली, ४ मे ला दुरुस्ती आली, ५ मे ला तपशील जाहीर झाला, आणि २४ तासांच्या आत तोच नमुना कोड वापरून कोणीतरी साइट्स चाचपायला लागल्याचं अकामाई या इंटरनेट कंपनीने नोंदवलं. तिथे साइट सांभाळणाऱ्यांना श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही. इथे पाच महिने मिळाले. चार महिने तपशील राखून ठेवण्याच्या पॅचस्टॅकच्या निर्णयावर 'लोकांना अंधारात ठेवलं' अशी टीका करता येईल, पण मला तो निर्णय बरोबर वाटतो. त्या चार महिन्यांत ज्यांनी अपडेट केलं ते हल्ला सुरू होण्याआधीच सुरक्षित झाले, आणि त्यांना त्यासाठी काहीही वाचावं लागलं नाही.

तरीही मे २०२४ च्या सुरुवातीला, वर्डप्रेसच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार, ५.७, ६.०, ६.१ आणि ६.२ सोडून इतर जुन्या आवृत्त्या १६.८ टक्के साइट्सवर होत्या. ५० लाखांच्या हिशेबाने आठ लाखांच्या वर. शिवाय हा आकडासुद्धा कमीच धरायला हवा. वर्डप्रेसची ती आकडेवारी आवृत्तीचे पहिले दोनच अंक बघते. तिच्या लेखी ५.७ आणि ५.७.०.१ एकच. मूळ ५.७ वर थांबलेल्या साइट्स, ज्या उघड्याच होत्या, त्या तिथे सुरक्षितांच्या रांगेत बसलेल्या दिसतात.

पाच महिने कुठे गेले

इथे माझं स्वतःचं बघणं सांगते. मी काही लहान साइट्सची देखभाल करते, बहुतेक मराठी. नवी साइट हाती आली की डाव्या मेनूतल्या प्लगिनच्या नावापुढचा, किती अपडेट बाकी आहेत ते सांगणारा लाल गोल आधी बघते. त्यात ९ असतो, १४ असतो, एकदा २३ होता. त्या २३ च्या मालकांना विचारलं, अपडेट का नाही केलं? ते म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी केलं आणि साइट पांढरी पडली. तीन दिवस बंद होती. तेव्हापासून हात नाही लावला."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दिवाळीच्या तोंडावर तीन दिवस साइट बंद राहिली तर जाहिरातदार पैसे कापतो, हे नुकसान त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. पट्टीतला निरोप, रेस्ट एपीआय, नॉन्स हे त्यांनी कधी बघितलेलं नाही. माणूस बघितलेल्या गोष्टीला घाबरतो. आणि अपडेटमुळे साइट पडू नये म्हणून आधी बॅकअप घ्यायचा, प्रतिकृतीवर चालवून बघायचं, ही कामं कोणाची, हे साइट बनवून घेताना कोणी ठरवलेलंच नसतं. कोटेशनमध्ये डिझाइन असतं, पाच पानं असतात, लोगो असतो, डोमेन एका वर्षासाठी असतं. देखभालीची ओळ नसते. घर बांधून घ्यायचं आणि पावसाळ्याआधी कौलं परतायला कोणाला बोलवायचं हे ठरवायचं नाही, तशातली गत. मी आता पहिल्या भेटीतच ती ओळ कोटेशनमध्ये घालते आणि ग्राहकाने ती खोडली तर काम घेत नाही. दोन कामं त्यापायी गेली.

वर्डप्रेसने ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ या आवृत्तीपासून प्रत्येक प्लगिनला आपोआप अपडेट होण्याची सोय दिलेली आहे. प्लगिनच्या यादीत उजवीकडे एक लहानशी लिंक असते, ती दाबली की झालं. पण ती मुळात बंद असते, चालू आपण करायची. लाइटस्पीड कॅशेसाठी ती चालू असलेल्या साइटला हे प्रकरण घडलंही नसतं आणि कळलंही नसतं. आपोआप अपडेटला विरोध करणारे अनुभवी लोक मला माहीत आहेत आणि दुकान चालवणाऱ्या, पैसे घेणाऱ्या साइटसाठी त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण ज्या साइटकडे महिनोन्महिने बघायला कोणी नाही, तिथे पडण्याचा धोका पत्करून ते चालू ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. पडलेली साइट दिसते. पोखरलेली दिसत नाही.

'म'चे तीन तुकडे

आता प्लगिन लिहिणाऱ्यांशी दोन शब्द, कारण मराठीतून प्लगिन आणि थीम लिहिणारी मुलं माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांच्या कोडमध्ये मला एकच गोष्ट वारंवार दिसते. डेटा घेताना ते गाळतात, दाखवताना तसाच ठेवतात.

घेताना गाळणं आणि दाखवताना निष्प्रभ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. घेताना आपल्याला माहीत नसतं की हा मजकूर उद्या कुठे दाखवला जाणार आहे. परिच्छेदात दाखवायचा असेल तर कोनी कंस घातक. एखाद्या टॅगच्या गुणधर्मात, अवतरणचिन्हांच्या आत दाखवायचा असेल तर साधं दुहेरी अवतरणचिन्हही पुरेसं घातक, कोनी कंसाची गरजच नाही. लिंकच्या पत्त्यात दाखवायचा असेल तर 'जावास्क्रिप्ट' आणि पुढे विसर्गासारखे दोन टिंब एवढंही पुरतं. म्हणून वर्डप्रेसने प्रत्येक जागेला वेगळं फंक्शन दिलंय: ईएससी_एचटीएमएल, ईएससी_अ‍ॅट्र, ईएससी_यूआरएल. आणि ते दाखवण्याच्या ओळीतच, प्रिंट होण्याच्या अगदी आधी वापरायचं असतं. वर सांगितलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्सच्या प्रकरणातली अख्खी दुरुस्ती म्हणजे एका ठिकाणी ईएससी_अ‍ॅट्र लावणं. एक शब्द आणि दोन कंस.

मग मराठी मुलं हे का टाळतात? एकाने मला सांगितलं, "ते लावलं की देवनागरी फुटते." मी आधी चकित झाले, मग आठवलं की हे खोटं नाही, जुनं आहे. पीएचपीमध्ये एचटीएमएल-एंटिटीज नावाचं फंक्शन आहे. मार्च २०१२ मध्ये पीएचपी ५.४ येईपर्यंत ते मजकूर पश्चिम युरोपीय लिपीतला आहे असंच गृहीत धरायचं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी साठवायच्या आजच्या पद्धतीत, आपला एक 'म' तीन बाइटचा असतो. हे फंक्शन त्या तीन बाइटना तीन वेगळी अक्षरं समजायचं आणि पानावर 'म'च्या जागी मात्रा लावलेला परदेशी 'ए', एक चलनाचं चिन्ह आणि गोलातला 'आर' उमटायचा. ज्यांनी तेव्हा अख्खी मराठी साइट अशी विस्कटलेली बघितली त्यांनी हे फंक्शन काढून टाकलं, आणि 'मराठीला एस्केप करायचं नाही' हा नियम गुरूकडून शिष्याकडे चालत आला.

ईएससी_एचटीएमएल मात्र फक्त पाच चिन्हांना हात लावतं: दोन कोनी कंस, दोन प्रकारची अवतरणचिन्हं आणि अँपरसँड. 'म' जिथल्या तिथे राहतो, जोडाक्षरं राहतात, रफार राहतो. त्या मुलाला मी त्याच्याच साइटवर लावून दाखवलं. 'ज्ञानेश्वर' पासून 'कुऱ्हाड' पर्यंत सगळं टाइप करून बघितलं त्याने, काही फुटलं नाही. मग त्याने त्या रात्री आपल्या प्लगिनमधल्या ४१ जागा बदलल्या आणि मला यादी पाठवली.

अपडेट केल्यानंतर

अपडेट फट बुजवतं. फटीतून आधीच आत आलेल्याला बाहेर काढत नाही. हल्लेखोराने खातं तयार केलेलं असेल तर ५.७.०.१ टाकल्यावरही ते खातं तसंच असतं, त्याचा पासवर्ड चालतो, आणि तो आता समोरच्या दाराने, रीतसर लॉगिन करून येतो. 'मी अपडेट केलं, आता प्रश्न मिटला' हे एप्रिल २०२४ नंतर अपडेट करणाऱ्या कोणालाच म्हणता येणार नव्हतं.

डब्ल्यूपीस्कॅनचा इशारा आला तेव्हा मी माझ्याकडच्या साइट्स एकेक करून बसून तपासल्या. ज्याला आजही आपल्या साइटबद्दल शंका असेल त्याला हीच वाट सांगेन. आधी पीएचपीमायअ‍ॅडमिन, म्हणजे होस्टिंगवरचं डेटाबेस बघायचं साधन, उघडून ऑप्शन्सच्या टेबलात ती मेसेजेसची ओळ शोधायची. तिथे साधं वाक्य असावं किंवा काहीच नसावं. 'इव्हॅल' (eval), 'एटूबी' (atob) सारखे जावास्क्रिप्टचे शब्द, त्यापुढे न वाचता येणारा अक्षरांचा आणि आकड्यांचा लांबलचक गोळा दिसला तर ती पेरलेली स्क्रिप्ट. (हल्ल्यात कोड अशा वेष्टनात गुंडाळलेला असायचा, म्हणजे शोधणाऱ्याला 'स्क्रिप्ट' हा शब्द सहज सापडत नाही.) हे काम डेटाबेसमधूनच करायचं, डॅशबोर्ड उघडून नाही. पट्टीत स्क्रिप्ट असेल तर डॅशबोर्ड उघडणं म्हणजे ती आपल्याच हाताने चालवणं. त्यानंतर यूजर्सचं टेबल, तेही डेटाबेसमधूनच, कारण काही घुसखोर प्लगिन डॅशबोर्डच्या यादीतून आपलं खातं लपवतात. मग प्लगिनच्या आणि अपलोडच्या फोल्डरमध्ये नुकत्याच बदललेल्या पीएचपी फाइली. अपलोडच्या फोल्डरमध्ये चित्रं असतात, पीएचपी सापडणं हीच तक्रार. शेवटी सगळ्या प्रशासकांचे पासवर्ड आणि कॉन्फिग फाइलमधल्या सुरक्षा किल्ल्या बदलायच्या, म्हणजे जिथे कुठे कोणी लॉगिन असेल तो बाहेर पडतो. घुसखोरी सापडलीच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ती लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवणं कंपन्या आणि संस्थांवर बंधनकारक आहे. हे फार थोड्या लहान संस्थांना माहीत आहे.

माझ्याकडच्या कुठल्याही साइटवर ती दोन नावं सापडली नाहीत. पण एका पाक्षिकाच्या साइटवर यूजर्सच्या टेबलात प्रशासक म्हणून पाच नावं होती, आणि संपादकांना फोन लावला तर त्यांना चारच आठवली. पाचवं नाव वाचून दाखवल्यावर ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अहो, हा तर आपला जुना ऑपरेटर. कोविडच्या आधीच सोडून गेला." त्याचं शेवटचं लॉगिन कधीचं ते वर्डप्रेस आपणहून नोंदवत नाही, त्यामुळे सांगता येईना. त्याचे ३०० च्या वर लेख साइटवर होते. ते संपादकांच्या नावावर वळवून खातं काढायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत संपादक फोनवरच थांबले होते.